ओठांवरची बोली

त्या इमारतीतलं सगळ्यात शांत जोडपं कुठलं, असं कुणी विचारलं असतं, तर सगळ्यांनी एकमताने तिसऱ्या मजल्यावरच्या विणकरणीकडे आणि तिच्या फिटर नवऱ्याकडे बोट दाखवलं असतं. बिचाऱ्यांना काय ठाऊक! ती दोघं कडाकडा भांडायची. शब्दाने शब्द वाढायचा, जुनी उणीदुणी निघायची, एकमेकांच्या माहेर-सासरचा उद्धार व्हायचा. फक्त या सगळ्यात आवाज म्हणून नसायचा. भांडण ओठांवर चालायचं, आणि एकाला कंटाळा आला की तो दुसऱ्याकडे पाठ फिरवायचा. समोरच्याचं तोंड दिसेनासं झालं की भांडणार कुणाशी?

ही त्यांची खोड गिरणीतली. चारशे माग एका छताखाली धडधडत असतात तिथे. धोटा इकडून तिकडे आपटतो तो एक आवाज. तसे चारशे धोटे, चारशे पट्टे, आणि पायाखालची फरशीसुद्धा दातांत कंप सोडणारी. तिथे ओरडून काही उपयोग नाही, नुसता घसा फुटतो. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. तोंड जरा जास्त उघडायचं, ओठ जरा जास्त ताणायचे, गळ्याला सुट्टी द्यायची. नव्या पोरीला तीन महिन्यांत ही बोली येते, आणि मग वीस पावलांवरून कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं कळतं. गुपित सांगायचं असेल तर तोंडावर हात धरायचा, एवढाच काय तो पडदा.

फिटरने तिला मागणी घातली तीही अशीच, सहा माग ओलांडून. तो मागाखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. मान बाहेर काढून ओठांनी म्हणाला, “तुझा डोक्यावरचा रुमाल छान आहे.” ती म्हणाली, “तुझं तेल सांडतंय.” सांडतच होतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी तो डाग फरशीवर होता.

लग्नानंतर घरातही ही बोली आली आणि मुक्कामालाच राहिली. मग मूल झालं, तेव्हा तर ती फारच सोयीची ठरली. पोर निजलेलं असताना त्याच्या डोक्यावरून वाटेल ते बोलावं, पोर ढिम्म हलत नाही. पोराचं नाव गट्टू पडलं, कारण तो होताच तसा, घट्ट आणि चौकोनी. तो सहा महिन्यांचा झाल्यावर ती पुन्हा मागावर रुजू झाली आणि गट्टू गिरणीच्या पाळणाघरात जाऊ लागला. पाळणाघर मागखात्याच्या भिंतीला लागूनच होतं. तिथल्या मावशी तीस वर्षं मागावर उभ्या राहून थकल्या, तेव्हा त्यांना पाळण्यांच्या दोऱ्या हातात दिल्या होत्या. त्या रोज संध्याकाळी गट्टूला परत देताना म्हणायच्या, “सगळ्यात शहाणं पोर तुझं. दिवसभर ब्र काढत नाही.”

ती खूश व्हायची. आईला मुलाचं कौतुक गोड लागणारच, त्यात काय चूक?

दहाव्या महिन्याच्या लशीसाठी ती गट्टूला घेऊन दवाखान्यात गेली, त्या दिवशी हे गोड वाटणं संपलं. बाकावर पाच-सहा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यातलं एक पोर, गट्टूपेक्षा लहानच असेल, आईच्या मांडीवर उभं राहून “दादादादादा” असं सभा गाजवल्यासारखं बोलत होतं. त्याची आई म्हणत होती, “हो का? मग काय झालं?” आणि ते पोर दुप्पट जोराने पुढचं सांगत होतं. दुसरं एक “बूऽऽ” करून थुंकी उडवत होतं. गट्टू तिच्या मांडीवर बसून या दोघांच्या तोंडांकडे टक लावून बघत होता, गप्प.

सिस्टरच्या तोंडावर मास्क होता. सुई टोचल्यावर गट्टू चांगला भोकाड पसरून रडला. त्यानंतर सिस्टरने काहीतरी विचारलं. विणकरीण म्हणाली, “काय?” सिस्टरने पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, “काय म्हणालात?” तिसऱ्या वेळी सिस्टरने वैतागून मास्क हनुवटीवर ओढला.

“बोलतो का म्हटलं! बा-बा, दा-दा, मा-मा, असं काही?”

“नाही अजून.”

“आपण आवाज काढला की तसा काढायचा प्रयत्न करतो?”

आपण आवाज काढतो का, हाच प्रश्न तिला कुणी आजवर विचारला नव्हता. ती म्हणाली, “शांत आहे तो.”

सिस्टरने कार्डावर काहीतरी लिहिलं. “इतकं शांत बरं नाही. मुलं ऐकून ऐकूनच शिकतात. जे कानावर पडतं त्याची नक्कल करतात. याचे कान तपासून घ्या. वेळ करू नका.”

मागखात्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी मोठ्याने, म्हणजे ओठ मोठे करून, बोलत नसे. गरोदर बाई मागावर उभी राहिली तर धडधड पोटात जाते आणि आतल्या पोराचे कान कायमचे जातात. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. पण सासूने तिला पाचव्या महिन्यात बजावलं होतं, घरी बस म्हणून. ती सातव्या महिन्यापर्यंत उभी होती. घरी बसून करमणार नाही, एवढंच तिचं कारण होतं. आता ते कारण आठवून तिने गट्टूचे कान पुन्हा पुन्हा चाचपले.

घरी आल्यावर तिने गट्टूला जमिनीवर बसवलं, त्याच्या हातात चमचा दिला आणि मागून जाऊन ताटली खाली टाकली. गट्टू वळला. तिचा जीव भांड्यात पडला, पण लगेच तिच्या मनात आलं, जमीन हादरली म्हणून वळला असेल. मागावरच्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. पायातून किती ऐकू येतं ते तिला चांगलं माहीत होतं. मग तिने त्याला दुहेरी गोधडीवर बसवलं आणि मागे उभं राहून टाळी वाजवली. गट्टू वळला. पण खिडकीतून ऊन येत होतं आणि तिची सावली त्याच्या पुढ्यात पडली होती. सावली बघून वळला असेल. तिने पडदा ओढला, गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेमागून हलकेच म्हणाली, “गट्टू.” तो वळला आणि हसलासुद्धा. मानेला श्वास लागला असेल, असं म्हणून तिने तोही पुरावा फेटाळला. भीतीच्या हातात खटला गेला की साक्षीदार कितीही आणा, निकाल ठरलेलाच असतो.

मग तिने एक शेवटची गोष्ट केली, ती करायला नको होती. गट्टूला समोर बसवून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गट्टूही तिच्या तोंडाकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. जरा जास्त ताणून, अगदी मागावरच्या माणसासारखे. बाबा. ओठ वाचण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं, तो तिचा रोजचा धंदा होता. शब्द अगदी स्पष्ट होता आणि त्याला आवाज नव्हता. तिने जिवाचा कान केला. गट्टूने पुन्हा ओठ हलवले, बाबा बाबा, आणि खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

तिने दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली. रडताना तो गळा कसा थरथरतो ते तिला माहीत होतं. आता तिथे काहीच हलत नव्हतं.

तिने त्याला छातीशी इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. निदान रडतो तरी, असं तिला वाटलं, आणि मुलाच्या रडण्याने आपल्याला बरं वाटावं याची तिला लाज वाटली.

चार दिवस तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तोंड हलवायचं, आणि तोंड हलवलं की आपणच बोललो ते खरं होईल, अशी तिला धास्ती होती. म्हणून ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून राहायची. जेवताना मान खाली घालायची. मागावर तिच्या हातून दोनदा तुटलेला धागा तसाच पुढे गेला आणि कापडात लांब पट्टा पडला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती गट्टूला घेऊन जिना उतरत असताना खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी तिला हाक मारली असावी. ते दारातच मशीन मांडून बसायचे. त्यांनी गट्टूकडे बघून, मग पुन्हा सुईकडे मान घालून काहीतरी सांगितलं. त्यांचा चेहरा तिला दिसला नाही. ती नेहमीसारखं हसली आणि मान हलवून पुढे निघाली. ती तशी सगळ्यांशीच वागायची. लोक म्हणायचे, बाई किती हसतमुख आहे.

त्या संध्याकाळी फिटरने तिला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. त्याच्या नखांत तेल होतं.

“तोंड दाखव,” तो ओठांनी म्हणाला. “चार दिवस मी तुझ्या पाठीशी संसार करतोय.”

तिने सांगितलं. सिस्टर, कार्ड, ताटली, गोधडी, गळ्यावरची बोटं, सगळं सांगितलं. ओठ इतके थरथरत होते की दोन-तीनदा त्याने हात वर करून तिला थांबवलं, पुन्हा सांग म्हणून.

“आणि तू मला आज सांगतेस?”

“कसं सांगू? काय सांगू?”

“आईने तुला सांगितलं होतं, घरी बस. मीसुद्धा सांगितलं होतं.”

“तू? तू तर म्हणालास, तुला हवं ते कर!”

“म्हणजे घरी बस असा त्याचा अर्थ होता!”

“मग तसं म्हणायचं होतंस! तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसलास आणि आता माझ्यावर ढकलतोस!”

“ढकलत नाही. पण मागावर उभी तू राहिलीस. पोटात तो तुझ्या होता.”

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं की काय बोलून गेलो. पण सुटलेला शब्द परत ओठांत घालता येत नाही. तिने हात उगारला, तो त्याच्या छातीवर आपटला, आणि मग ती इतक्या वेगाने बोलू लागली की वाचणं कठीण झालं. खाली शिंपीकाकांचं मशीन चालू होतं, वर कुणीतरी पाट्यावर काही वाटत होतं, आणि मध्ये तिसऱ्या मजल्यावर एक घर फुटत होतं, हे कुणालाच ऐकू गेलं नाही.

भांडता भांडता तिची नजर गट्टूकडे गेली आणि तिचे ओठ जागच्या जागी थांबले.

गट्टू पाळण्याचा कठडा धरून उभा होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, बापाच्या पडतात तशाच. तो आधी बापाकडे बघत होता, मग तिच्याकडे, आणि त्याचे ओठ भराभर हलत होते, ताणून, दात नसलेल्या हिरड्या दाखवून. मध्येच त्याने एक हात उगारला आणि कठड्यावर आपटला. दोघांचं अख्खं भांडण तो परत करून दाखवत होता, आणि त्याच्या तोंडातून काहीही येत नव्हतं.

तिला त्या क्षणी स्वतःच्या मुलाची भीती वाटली. हे कुठल्याही आईला कबूल करवत नाही, तिलाही करवलं नाही, पण ती एक पाऊल मागे सरकली हे खरं.

फिटर खाली बसला. गट्टूच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, “तो आपल्यासारखा बोलतोय.”

“म्हणजे?”

“आपण जसे बोलतो तसा. आपण आवाज काढतो का? तो काय म्हणून काढेल?” त्याच्या डोळ्यांत आशा दिसत होती. “कदाचित त्याचे कान ठीक असतील. कदाचित आपणच...”

तिला त्या आशेला धरावंसं वाटलं. पण बहिरं मूलही बघून ओठ हलवेल, हे तिच्या मनातून जाईना.

कानांच्या दवाखान्यात आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. ते आठ दिवस त्यांनी घरात आवाजाने बोलायचं ठरवलं, आणि त्यासारखी फजिती नाही. तिचा आवाज तिलाच परका वाटला, खरखरीत, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. “मीठ दे” म्हणायलाही लाज वाटायची. फिटर बोलायचा ते भाषण ठोकल्यासारखं. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या, कुणी गेलं का म्हणून विचारायला. गट्टू तर त्यांनी तोंड उघडलं की घाबरून रडायचा. चौथ्या दिवशी दोघं दमली आणि नकळत पुन्हा ओठांवर आली, आणि गट्टू शांत झाला. त्याचं ते शांत होणं तिला बघवेना.

तपासणीच्या दिवशी फिटर अर्ध्या पाळीची रजा टाकून आला होता. आत फक्त एकालाच जाता येईल म्हणाले, तेव्हा तो लांबलचक बोळाच्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाकावर बसवत नव्हतं त्याला.

आतली खोली लहान होती आणि तिच्या भिंतींना चारी बाजूंनी जाड मऊ कापड लावलेलं होतं. दोन कोपऱ्यांत दोन ध्वनिपेट्या, प्रत्येकीवर एक कापडी अस्वल. समोर मोठी काच, आणि काचेपलीकडे यंत्रापाशी तपासणी करणाऱ्या बाई बसणार होत्या. त्यांनी तिला समोर बसवून नीट समजावलं. “मी एकेका बाजूने आवाज सोडेन. मोठ्यापासून सुरुवात करून लहान लहान करत नेईन. आवाज ऐकून तो त्या बाजूला वळला की तिथलं अस्वल उजळेल, म्हणजे त्याला गंमत वाटेल. तुम्ही अजिबात हलायचं नाही. वळायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा खूण करायची नाही. सरळ काचेकडे बघत बसा.”

दार बंद झालं. गट्टू तिच्या मांडीवर होता. तिने काचेवर नजर लावली आणि दगडासारखी बसली.

उजवीकडून एक घरघर आली. गट्टू वळला. अस्वल उजळलं, गट्टूने दोन्ही हात वर केले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. मग डावीकडून एक आवाज आला, जरा लहान. गट्टू वळला. अस्वल उजळलं.

त्यानंतर काहीच आलं नाही. ती वाट बघत राहिली. बाईंनी यंत्रावर बोट ठेवलं, पण आवाज आला नाही. यंत्र अडलं असेल. आणि गट्टू एकदम उजवीकडे वळला आणि अस्वल उजळलं.

तिला वाटलं, बाई चुकल्या. आवाज न होता दिवा लागला. पुन्हा शांतता, आणि गट्टू डावीकडे वळला, अस्वल उजळलं. मग उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडे. पोराला खेळ कळला होता. तो नुसता दिव्यांसाठी माना वळवत होता आणि या बाई त्याला पास करत होत्या. आवाज तर कुठेच नव्हता! थांबवावं का यांना? सांगावं का, की हे खोटं चाललंय? पण हलायचं नाही म्हणाल्या होत्या. ती काचेकडे बघत राहिली.

काचेपलीकडे बाईंच्या शेजारी त्यांची सहायक बसली होती. बाई तिच्याकडे वळून बोलू लागल्या. जाड काच होती, बंद दार होतं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ नये म्हणूनच तर ती खोली बांधलेली. पण त्यांचा चेहरा उजेडात होता आणि सहा मागांपेक्षा अंतर कमी होतं.

“मुलगा उत्तम आहे,” बाईंचे ओठ म्हणाले. “अगदी बारीकातलं बारीक टिपतोय. पण आईकडे बघ. मघाचे ते आवाज काही इतके लहान नव्हते, पापणी तरी हलली का तिची? मी आपलं म्हणतेय, किती छान सूचना पाळतेय.”

सहायक काहीतरी म्हणाली, तिची पाठ होती.

“नाही ग,” बाईंचे ओठ म्हणाले. “तिला ऐकूच येत नाहीये.”

विणकरणीने ते वाचलं. मग पुन्हा एकदा मनात वाचलं. तिच्या मांडीवर गट्टू डावीकडे वळला आणि अस्वल उजळलं, आणि या वेळी तिला कळलं की खोलीत आवाज झाला होता.

बाई दार उघडून आत आल्या, चेहऱ्यावर सावध हसू आणून. “तुमच्या मुलाचे कान अगदी...”

“मी वाचलं,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमचे ओठ. माझं काय म्हणालात ते.”

बाई तिच्यासमोर खाली बसल्या, तोंड नीट दिसेल अशा. त्यांनी कामाचं विचारलं, वर्षं विचारली. अकरा, ती म्हणाली. बाईंनी मान हलवली, त्यांना मागखात्यातली माणसं नवी नसावीत.

“पण तो बोलत नाही,” ती म्हणाली. “कान चांगले असतील तर मग तो का बोलत नाही?”

बाई चकित झाल्या. “बोलत नाही? अहो, आत आल्यापासून त्याची टकळी चालू आहे! इथे माइक आहे, मला पलीकडे सगळं ऐकू येतं. फक्त तो कुजबुजतो. मला वाटलं, नव्या जागेत लाजतोय.”

त्यांनी एक हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि बाहेर जाऊन यंत्राची कळ फिरवत नेली. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून वर आलं: ब, ब, बा. प. बाबा. बाबाबा. गळ्यातून नाही, नुसत्या श्वासातून, फुंकर घातल्यासारखं. तिने गट्टूच्या तोंडाकडे बघितलं. ओठ आणि ती फुंकर बरोबर जुळत होते.

ओठांनी बोलताना तोंडातून वाफ जातेच. मागावर ती कुणाला ऐकू येणार? अकरा वर्षांत तिलाही ऐकू आली नव्हती, नवऱ्याला नाही, पाळणाघरातल्या मावशींना नाही. पण गट्टूचे कान नवे कोरे होते. पाळण्यात पडल्या पडल्या त्याने आईबापाची ती वाफ ऐकली होती, बोलणं म्हणजे हेच असं समजला होता, आणि तीच इमानदारीने परत देत होता. दहा महिने, किंवा जेव्हापासून त्याला जमलं तेव्हापासून, तो रोज त्यांच्याशी बोलत होता, आणि ज्यांच्याकडून शिकला त्या दोघांनाच ते ऐकू येत नव्हतं. शिंपीकाकांना येत असेल. त्या दिवशी ते काय म्हणाले असतील? आणि किती लोक काय काय म्हणाले असतील, ज्यांना तिने हसून मान हलवली? दवाखान्यातली ती बाई आपल्या पोराला “हो का, मग काय झालं” म्हणत होती. गट्टूला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तरी तो बोलत राहिला होता. हे तिच्या मनात आलं आणि ती रडली, हेडफोन डोक्यावर असतानाच, आणि स्वतःचं रडणं तिला भलं मोठं होऊन ऐकू आलं. तिने तो काढून ठेवला.

बाईंनी सांगितलं ते तिने डोळ्यांत तेल घालून वाचलं. गळ्यातून बोला. सुरुवातीला तो घाबरेल, हळूहळू सवय होईल. तो ओठ हलवेल तेव्हा ऐकू आलं नाही तरी उत्तर द्या. “हो का?” एवढं म्हटलं तरी पुरे, त्याला कळतं की कुणीतरी घेतंय. गेलेलं ऐकणं परत येणार नाही, पण कानाला यंत्र लावून काम भागेल. तुम्ही दोघंही तपासून घ्या.

“आणि माग?” तिने विचारलं.

“कानांत बोळे घालून उभ्या राहा. उरलंय तेवढं तरी वाचेल.”

किती उरलंय, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. मुलाचं भय घेऊन ती या खोलीत आली होती; ते उतरलं, आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं, तेवढ्याच वजनाचं. उद्या तो गळ्यातून बोलायला लागेल. परवा गोष्टी सांगेल. अंधारात हाक मारेल. आपल्याला ती पोचेल का?

ती गट्टूला खांद्यावर टाकून बोळात आली. बाकांवर माणसं दाटीने बसली होती. टोकाला खिडकीपाशी फिटर उभा होता. त्याने तिला पाहिलं, आणि इतक्या लांबून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, ओठांनी विचारलं, “काय झालं?”

तिने ओठांनी उत्तर दिलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि गळ्यातून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ती ओरडली, “त्याला ऐकू येतं!”

गट्टू दचकला. बाकांवरच्या माना एकदम वळल्या, एका म्हातारीने कानांवर हात ठेवले, एक दार उघडून कुणीतरी डोकावलं.

फिटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. मग हात खाली आले, तो हसत होता, आणि हसता हसता त्याने बोळात इकडेतिकडे बघितलं आणि गोंधळला.

“सगळे तुझ्याकडे असे का बघतायत?” त्याच्या ओठांनी विचारलं.

ती थांबली. एरवी असं काही सांगायचं असलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. आता दोन्ही हातांत पोर होतं. अर्धी बातमी अजून सांगायची होती आणि ती त्याच्या अगदी जवळ जाऊनच सांगायला हवी होती. ती चालू लागली.

तिच्या मानेला गट्टूचा श्वास लागत होता, उबदार, तुकड्यातुकड्यांनी. तो पुन्हा काहीतरी सांगत होता.

“हो का?” ती मोठ्याने म्हणाली. “मग काय झालं?”